नांगर, रूळ आणि नियतकालिक

तारकर्लीचा किनारा ज्या मालवण तालुक्यात येतो, त्याच तालुक्यात किर्लोस नावाचे गाव आहे. किर्लोस्कर हे आडनाव त्या गावाचे. घराणे पुढे घाटावर बेळगावकडे गेले. संगीत नाटककार अण्णासाहेब आणि कारखानदार लक्ष्मणराव (१८६९-१९५६), दोघेही गुर्लहोसूरचे. पहिल्याला आपण अभ्यासक्रमात नेमतो. दुसरा वाङ्मयेतिहासाबाहेर राहतो.

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणरावांना कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला. जमीन निवडुंगाने भरलेली, पण रेल्वेला लागून होती. बीड आणि कोळसा आणायचा, अवजड नांगर दूरवर धाडायचे, तर रूळ हवेतच. पुढे स्थानकाचेच नाव किर्लोस्करवाडी झाले. ट्रॅक्टर अजून दूर होता. बैलांनी ओढायचा लोखंडी नांगर हेच नवे यंत्र. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. म्हणजे नांगर घडवून भागणार नव्हते. ग्राहकाचे मनही नांगरावे लागणार होते.

याच कारखान्यातून १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शं. वा. किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. तेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आले. रूढींवर प्रश्न विचारणारा मध्यमवर्गीय वाचक घडवण्यात या मासिकांचा वाटा मोठा आहे. त्या वाचकाचा इतिहास लिहिताना छापखान्याइतकीच ओतशाळेची आणि त्या माळावरच्या स्थानकाचीही दखल घ्यावी लागेल.