वसईच्या कोटाचे राखणदार

वसई रोड स्थानकातून निघालेली बस गाव ओलांडून तटाच्या आत शिरते आणि किल्ला मधोमध कापीत किल्लाबंदराकडे जाते. मासळीच्या टोपल्या घेऊन रोज याच वाटेने ये-जा करणाऱ्या कोळी भगिनींना त्या भग्न मनोऱ्यांचे नवल उरलेले नाही. नवल वाटते ते मुंबईहून येणाऱ्यांना. ते येतात, छायाचित्रे काढतात, लग्नाआधीची चित्रफीत तयार करतात आणि सावल्या लांबू लागल्या की परततात. मागे काय उरते, हे दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन येणाऱ्या तरुणांना विचारावे.

गुजरातच्या बहादूरशाहाने 23 डिसेंबर 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे येथे दगडी तटाचे नगर वसले. त्यात जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन संघांची मंदिरे व मठ उभे राहिले. त्यांहून वेगळे संत जोसेफांचे मंदिर. हे नगराचे मुख्य धर्मग्राममंदिर, म्हणजे मात्रीझ. आर्चबिशप आलेशो दि मेनेझिस यांच्या काळात, 1601 साली, व्हिकर पेद्रु गाल्व्हांव यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. 19 मार्च 1618 रोजी त्यांचे निधन झाले. ज्यांनी हे मंदिर वाढविले व समृद्ध केले, ते येथे विसावले आहेत, असे त्यांचा थडगेलेख सांगतो.

आम्हांस याहून मोलाच्या वाटतात त्या जेझुइट मंदिरातील दोन विधवांच्या शिळा. इझाबेल दि आगियार 1591 मध्ये वारल्या. त्यांनी तेथील महाविद्यालयास साहाय्य केले होते. फिलिपा दा फोन्सेका 1628 मध्ये वारल्या. त्यांनी हयातीतच आपले सर्वस्व त्या मंदिरास अर्पण केले होते. कोटाचा इतिहास आपण गव्हर्नर आणि सरदार यांच्या नावांनी पाठ करतो. पण राजाच्या तिजोरीबरोबरच अशा घरगुती दानांनीही ही मंदिरे उभी ठेवली, हे त्या शिळांवर कोरलेलेच आहे.

आणि तरी हा कोट आपल्या पूर्वजांचा होता, असे सरसकट म्हणणे धाडसाचे ठरेल. तटाच्या आतील वाडे मुख्यत्वे पोर्तुगीज उमरावांचे होते. येथील शेतकरी, मच्छीमार आणि कारागीर तटाबाहेरच राबत होते. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले आणि 1862 साली संतपदास पोहोचले. त्यांचे नाव आज ज्या मंदिराशी जोडले जाते ते हेच, त्या दोन विधवांच्या शिळांचे, जेझुइट मंदिर होय.

1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजांनी सुरुंगांनी तट फोडला. 16 मे रोजी शरणागती झाली आणि 23 मे रोजी पोर्तुगीज लष्करी सन्मानाने बाहेर पडले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्मपालनाची मुभा त्या तहातच होती. विजयोत्सवाच्या घोषणांत हे कलम सहसा ऐकू येत नाही. आपल्याकडील व्याख्यानांतही ते क्वचितच ऐकू येते, ही अधिक खेदाची गोष्ट. नाशिकचे नारोशंकराचे मंदिर, वाईजवळील मेणवली आणि भीमाशंकर येथील मोठ्या घंटा वसईच्या मोहिमेतील म्हणून ओळखल्या जातात. त्या तेथे जपल्या गेल्या आहेत. ज्या मनोऱ्यांतून त्या उतरल्या त्यांच्या भेगांतून मात्र पिंपळ वाढत आहेत.

पेशवाईनंतर इंग्रजी अमलात कोटाचा उपयोग सरला. 1876 साली गोमंतकीय डॉक्टर जे. जर्सन दा कुन्हा यांनी चौल व वसई यांचा इतिहास ग्रंथरूपाने दिला. 1957 मध्ये ब्राझ फर्नांडिस यांचा येथील राजचिन्हे व शिलालेख यांवरील ग्रंथ लिस्बन येथे निघाला. आज किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षित वास्तूच्या बांधकामाला अनुभवशून्य हात लागू नये, हे योग्यच. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंट लिंपले की आतला ओलावा कोंडतो आणि दगडच झिजू लागतो. मूळ उपटताना ओढाताण झाली, तर त्याबरोबर अर्धी भिंतही येते. म्हणून ‘किल्ले वसई मोहीम’ या संस्थेचे व इतर मंडळांचे स्वयंसेवक कचरा उचलतात, गवत कापतात, पाहुण्यांना इतिहास सांगतात. पुढचे काम तज्ज्ञांची वाट पाहत राहते.

आधाराची खरी किंमत मात्र आणखी कोणी मोजते. 2010 च्या दुरुस्तीनुसार संरक्षित सीमेपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि दुरुस्तीसही परवानगी लागते. तटाला खेटून पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे छप्पर गळू लागले की हा नियम त्यांच्या दारात येऊन उभा राहतो. ज्यांच्याकडून राखणीची अपेक्षा, त्यांच्याच वाट्याला ही अडचण. किल्ल्याविषयी त्यांनी प्रेमाने बोलावे असे वाटत असेल, तर त्यांचे अर्ज वेळेवर निकाली निघावेत असा आग्रह आपल्या धर्मग्रामांनी धरला पाहिजे. सणाच्या मिस्सेस जमणारा आपला समाज तेवढ्यापुरताच किल्ल्यात येतो, आणि विजयोत्सवाचा समाज आपल्या दिवसापुरता. उरलेल्या दिवसांचा विचार व्हावा.

एक काम तर आपल्या धर्मशिक्षणवर्गांनाही जमण्याजोगे आहे. फ्रान्सिस्कन मंदिराची जमीन थडग्यांच्या शिळांनी भरलेली आहे आणि वर छप्पर नाही. पाऊस आणि पावले यांनी अक्षरे झिजत आहेत. शिळांना तेल, रंग वा खडू न लावता, कलत्या उन्हात त्यांची छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक शिळेची जागा नकाशावर टिपावी आणि फर्नांडिसांच्या 1957 च्या वाचनाशी ती ताडून पाहावी. कोणती नावे अजून वाचता येतात आणि कोणती त्या ग्रंथातच उरली आहेत, हे त्यावरून कळेल. डिसेंबर-जानेवारीत, गवत वाळल्यावर, सकाळचे ऊन यासाठी फार सोयीचे असते.