मीठ आणि क्रोमॅटिन: डीएनएची गुंडाळी कधी आवळते, कधी सुटते?

माणसाच्या एका पेशीत सुमारे २ मीटर डीएनए असतो आणि तो काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात मावतो. त्यासाठी तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. या जोडगोळीला क्रोमॅटिन म्हणतात. गुंडाळी घट्ट असेल तिथले जीन वाचणं पेशीला अवघड जातं. ही घट्टी बऱ्याच अंशी आजूबाजूच्या क्षारांवर ठरते.

अडचण कुठे आहे?
डीएनएच्या प्रत्येक फॉस्फेटवर ऋण भार असतो, हिस्टोनवर धन. १४७ बेसजोड्या हिस्टोनभोवती सुमारे १.७ वेढे घेतात. हा झाला एक न्यूक्लिओसोम. पण डीएनएचा सगळा ऋण भार हिस्टोनला फेडता येत नाही. त्यामुळे शेजारचे न्यूक्लिओसोम एकमेकांना ढकलतात.

मीठ काय करतं?
सोडियमचे धन आयन डीएनएभोवती गोळा होतात आणि हा ढकलाढकलीचा जोर झाकतात. १ मिलिमोलर मिठात तो जोर साधारण १० नॅनोमीटरपर्यंत पोचतो, १०० मिलिमोलरमध्ये फक्त १ नॅनोमीटर. थोमा, कोलर आणि क्लग यांनी १९७९ मध्ये हेच दाखवलं: कमी मिठात सैल, नागमोडी माळ, मीठ वाढवलं की सुमारे ३० नॅनोमीटर जाडीचा धागा. मॅग्नेशियमवर दोन धन भार असतात, म्हणून त्याचे १-२ मिलिमोलरही पुरतात.

मग जास्त मीठ म्हणजे जास्त घट्ट?
नाही! मीठ ढकलणं झाकतं तसंच ओढही झाकतं. २ मोलर मिठात हिस्टोन डीएनएपासून सुटतात. प्रयोगशाळेत न्यूक्लिओसोम बनवताना हेच उलट करतात: दोन्ही २ मोलर मिठात मिसळायचे आणि मीठ हळूहळू कमी करत न्यायचं.

जिवंत पेशीत?
एटीपी मॅग्नेशियम धरून ठेवतो. काझुहिरो माएशिमा आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की पेशीविभाजनाच्या वेळी एटीपी कमी होतो, मॅग्नेशियम मोकळं होतं आणि गुणसूत्रं आवळायला मदत होते. उलट, पुस्तकातला तो ३० नॅनोमीटरचा धागा बहुतेक जिवंत पेशींत सापडत नाही.

मला सॉफ्टवेअरवाल्याला हे ओळखीचं वाटतं: कोड तोच, कॉन्फिगरेशन बदललं की आउटपुट वेगळं. म्हणून क्रोमॅटिनचं चित्र दिसलं की आधी विचारा, मीठ कोणतं आणि किती होतं?