थत्ते हौदाचा बेगमपुरा

पाणचक्कीकडून बीबी का मकबऱ्याकडे जाताना महमूद दरवाजा लागतो, खाम नदीवरचा पूल लागतो आणि मग बेगमपुरा येतो. पाहुणे तिथे सहसा थांबत नाहीत. या मोहल्ल्यात एक जुना हौद आहे, त्याला थत्ते हौद म्हणतात. त्यात पाणी आणणारी ती थत्ते नहर. बेगमेच्या नावाची वस्ती आणि थत्त्यांच्या नावाचे पाणी! आमच्या शहराचा इतिहास सांगताना मी तलवारींपासून नव्हे, या हौदापासून सुरुवात करतो.

शहर वसले तेच नहरींवर. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी गावाला राजधानीचे रूप दिले. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा वजीर झाला होता. माणसे वसवायची तर आधी पाणी हवे, हे त्याने ओळखले आणि उत्तरेच्या डोंगरउतारावरचे, जमिनीत मुरलेले पाणी भुयारी नहरीने गावात आणले. ती नहर-ए-अंबरी. तिला मोट नाही, बैल नाही. पाणी उताराने आपोआप येते. वाटेत ठिकठिकाणी विटा-चुन्याचे उंच पोकळ खांब, म्हणजे बंबे उभारलेले. पाणी त्यात वर चढते, कोंडलेली हवा निघून जाते, दाब आटोक्यात राहतो आणि पाणी पुन्हा खाली उतरते. पुढच्या दोन शतकांत अशा आणखी नहरी झाल्या. थत्ते नहर ही त्यांतलीच एक.

भाषेच्या शिक्षकाला इथे एक गंमत दिसते. नहर अरबी, हौद हा अरबी ‘हौज’चा मराठी अवतार, बंबा पोर्तुगीजांकडून आलेला आणि नहर-ए-अंबरीवरच्या एका ठिकाणाचे नाव गोमुख. पाणी भरणाऱ्यांनी हे शब्द कोणाचे, असे कधी विचारले नसावे.

पाणचक्कीची नहर वेगळी. ती हजरत बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहची. हे नक्शबंदी बुजुर्ग बुखाऱ्याकडचे. त्यांच्या तकियात मध्य आशियातून आलेले दरवेश उतरत, तसे मोगल फौजेत नोकरी शोधणारे शिपाईही. एवढ्या तोंडांना पीठ लागणारच. नहरीचे पाणी उंच भिंतीवर चढवून तिथून पात्यांवर सोडले, पाती फिरली, दांडा फिरला, जाते फिरले. जमील बेग खानाने बांधलेला मोठा हौद सगळे बघतात; पण त्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. डोक्यावर पाणी आणि बाजूला खाम नदी, त्यामुळे भर उन्हाळ्यातही ते दालन थंड राहते.

मात्र या आठवणी जरुरीपेक्षा गोड करू नयेत. सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी 1927 साली महाडला सत्याग्रह करावा लागला, असा आपला देश. तो करणाऱ्या बाबासाहेबांनीच 1950 साली बेगमपुऱ्याच्या शेजारी नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय उभारले. तेव्हा ‘सगळ्यांचे पाणी’ म्हणताना जीभ थोडी अडखळलेली बरी.

आज शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते. ते विजेच्या पंपांनी चढावर ढकलावे लागते आणि नळाला कित्येक दिवसांनी एकदा येते. घरोघरी टाक्या आणि ड्रम भरून ठेवायचे. इकडे नहरींवर घरे चढली, बोअर पडले, पायाच्या खोदकामात चुन्याच्या भिंती फुटल्या. पाणचक्कीवर पडणारी धार बारीक झाली आहे. शहराच्या नावावर आपण वर्षानुवर्षे भांडलो, कोर्टापर्यंत गेलो. तेवढ्या काळात नहरींच्या वाटा नकाशावर आखून, त्यावर खोदकामाला बंदी घालता आली असती. ते अजूनही करता येईल, कारण बुजलेल्या सगळ्याच नहरी मेलेल्या नाहीत. बेगमपुऱ्यात सुरुवात करायची तर थत्ते हौदातला गाळ आधी काढावा.