मानमोडीची साथ आणि मृत्यूंची गणना : नागपूर परिसर, १९१८

इ. स. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझाचा हिंदुस्थानात प्रवेश झाला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरमधील दुसरी मात्र प्राणघातक ठरली व लोहमार्गांनी अंतर्भागात पसरली. मुंबई व कलकत्ता यांकडील लोहमार्ग नागपुरात मिळत असल्याने मध्यप्रांत-वऱ्हाडची ही राजधानी तिच्या वाटेवरच होती. शासकीय अंदाजाप्रमाणे या प्रांतात दर हजारी पन्नासांहून अधिक माणसे दगावली; बंगालमधील प्रमाण याहून पुष्कळच कमी होते.

मराठी प्रदेशात या रोगास ‘मानमोडी’ हे नाव पडले. मान मोडून टाकणारी ती मानमोडी. लोकभाषेने येथे रोग्याची अवस्थाच नोंदविली. सरकारी नोंदवहीत मात्र हे नाव शिरले नाही. तेथे बहुतांश मृत्यू ‘ताप’ या सदराखाली गेले. हुडकेश्वर हे आज नागपूर महापालिकेच्या हद्दीत आहे. त्या काळी ते शहराबाहेरील खेडे होते. अशा खेड्यातील जन्ममृत्यूंची वर्दी कोतवालाने पोलीस ठाण्यात द्यावी, अशी प्रांताची व्यवस्था होती. कोतवालच अंथरुणास खिळला की वर्दी थांबे, आणि ज्या गावावर आघात मोठा त्याचीच नोंद तोकडी राही.

परिणामी साथीचे बळी मोजले गेले ते वजाबाकीने : त्या वर्षीच्या मृत्यूंतून मागील वर्षांची सरासरी वजा करून. म्हणूनच आकडा उत्तरोत्तर वाढत गेला. १९२१ च्या जनगणनेने देशातील बळी सुमारे १ कोटी २० ते ३० लाख मानले, आय. डी. मिल्स यांच्या १९८६ मधील अभ्यासाने ती संख्या १ कोटी ७० ते ८० लाखांवर नेली.

परंतु साथीचा भार केवळ संख्येने कळत नाही. २० ते ४० वयोगटातील कर्ती माणसे अधिक मेली. घरातील शुश्रूषेचा भार वाहणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण पुरुषांहून जास्त होते. त्याच वर्षी पाऊस अपुरा पडला, धान्य महागले, आणि उभे पीक कापावयास हात उरले नाहीत. पुढील वर्षी जननप्रमाणही घटले. १९११ मध्ये प्रांताची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३९ लाख होती. १९२१ मध्येही ती तेवढीच भरली. दहा वर्षांची नैसर्गिक वाढ अशी लोपली.

तेव्हा नोंदवहीतील ‘ताप’ आणि लोकांच्या तोंडची ‘मानमोडी’ ही दोन्ही साधने इतिहासकाराने एकत्र वाचली पाहिजेत. पहिल्याने गणना होते. गणनेतून काय निसटले, याचा शोध दुसऱ्यापासून सुरू होतो.