तहाच्या लेकी

दोन वैरी घराण्यांत सोयरीक जुळावी आणि वधूच्या पावलांनी राज्यात शांतता नांदावी, ही कल्पना अद्भुतकथांतून फार रंगते. कथा लग्नमंडपात संपते. दापोरा गाव ज्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे, तेथील इतिहास मात्र मंडप उतरल्यानंतरची हकीकत सांगतो.

बऱ्हाणपूर वसविणारा फारुकी सुलतान नसीरखान गुजरातच्या बळापुढे हतबल झाला, तेव्हा त्याने बहमनींचा आश्रय शोधला आणि १४२९च्या सुमारास आपली कन्या राजपुत्र अलाउद्दीन यास दिली. पुढे अलाउद्दीन सुलतान झाला. त्याच्या फौजा कोकणात उतरल्या, तेव्हा संगमेश्वरच्या राजाने शरण जाऊन आपली कन्या त्याच्या जनानखान्यात धाडली. ‘परीचेहरा’ म्हणून ती विख्यात झाली. सुलतान तिच्यावर लुब्ध झाला आणि फारुकी बेगमेची उपेक्षा होऊ लागली. बेगमेने पित्याकडे गाऱ्हाणे नेले. एका तहाच्या वधूमुळे दुसऱ्या तहाच्या वधूचा संसार विस्कटला. अपराध मात्र दोघींपैकी एकीचाही नव्हता.

नसीरखान वऱ्हाडावर चालून गेला. वऱ्हाडातील काही सरदार त्याला अनुकूल होतेच. लेकीच्या दुःखाने राज्यलोभालाही न्यायाचे रूप दिले. बहमनी सेनापती खलफ हसन याने रोहिणखेड येथे त्याचा पराभव केला आणि बऱ्हाणपूर लुटले. १४३७मध्ये नसीरखान धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर मरण पावला.

पुढे १६०१मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश शाहजादा दानियालकडे आला. मोगलांचे संकट टळावे म्हणून विजापूरच्या इब्राहीम आदिलशहाने त्याला आपली कन्या देऊ केली. वधूच्या पाठवणीस इतिहासकार फिरिश्ता सोबत होता. १६०४मध्ये पैठणजवळ गोदातीरी विवाह झाला. पुढल्याच वर्षी मद्यासक्त दानियाल बऱ्हाणपुरात वारला. विजापूरचे राज्य अखेर १६८६मध्ये मोगलांनीच बुडविले.

या तहांवर शिक्के पित्यांचे होते. ते निभावण्याचा भार लेकींवर होता. त्यांना कोणी संमती विचारल्याची नोंद नाही. बखरकारांनी फौजा मोजल्या, लूट मोजली. त्या मुलींचे मन मोजावयाचे राहून गेले. ज्या शांततेत तिचा भार वाहणाराच्या शब्दाला स्थान नसते, ती शांतता फार काळ टिकत नाही, एवढे तरी बऱ्हाणपूरचा इतिहास आपणांस शिकवितो.