निनावी दुनळीचं कूळ

अमेरिकेतल्या कितीतरी शेतघरांत पणजोबांच्या काळातली एखादी दुनळी बंदूक भिंतीला टांगलेली असते, आणि ती कोणी बनवली हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. नाव कोरलेलं नसतं, किंवा असतं ते बंदूक बनवणाऱ्यांच्या कुठल्याच यादीत सापडत नाही. घरचे लोक मग बाहेरचे घोडे पाहतात, कोरीव वेलबुट्टी पाहतात. कुळाचा पत्ता मात्र नळ्यांच्या पोटाशी असतो.

बंदूक बिजागरीवर उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत याची खात्री करायची, पुढचा लाकडी भाग काढायचा आणि नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करायच्या. काडतूस बसतं त्या टोकाला, खालच्या सपाट पृष्ठभागावर, बारीक शिक्के दिसतात. तेलात भिजवलेल्या मऊ फडक्याने मळ काढावा. पॉलिश कागद अजिबात लावू नये. शंभर वर्षं टिकलेला पुसट शिक्का एका घासण्यात जातो.

हे शिक्के सरकारी चाचणीचे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला 1637 मध्ये सनद मिळाली, बेल्जियममधल्या लिएज शहरात 1672 मध्ये नळ्यांच्या चाचणीचा हुकूम निघाला, बर्मिंगहॅमचं चाचणीघर 1813 च्या कायद्याने उभं राहिलं. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी उडवायची. ती टिकली तरच शिक्का मारायचा. बनवणाऱ्याने स्वतःचं नाव घातलं नाही तरी शिक्क्यातून सुटका नव्हती. म्हणूनच निनावी बंदुकीचंही गाव बहुधा कळतं.

लिएजची खूण सर्वांत जास्त भेटते: लंबगोलात ‘ईएलजी’ ही तीन रोमन अक्षरं. त्यांवर मुकुट नसेल तर चाचणी 1893 पूर्वीची, मुकुट असेल तर त्यानंतरची. तपासनिसाच्या एकेरी अक्षरावर मुकुट आला तो 1877 पासून. ‘पीव्ही’ ही अक्षरं बिनधुराच्या दारूच्या चाचणीची, ती 1898 पासून दिसतात. वर्ष दाखवणारं अक्षर 1922 मध्ये सुरू झालं. समजा, लंबगोलावर मुकुट आहे, पण वर्षाचं अक्षर नाही. म्हणजे बंदूक 1893 ते 1921 मधली. ऑगस्ट 1914 मध्ये जर्मन फौजा लिएजमध्ये शिरल्या, त्यामुळे अमेरिकेत गेलेली अशी बंदूक बहुधा त्याआधीची. ‘पीव्ही’ नाही म्हणून ती 1898 पूर्वीची ठरत नाही, कारण काळ्या दारूची चाचणी पुढेही चालू होती. मात्र अशी नळी आजच्या काडतुसांसाठी नाही, हे मालकाला ठणकावून सांगायला हवं.

नाव का नाही, याचं उत्तर लिएजच्या धंद्यात आहे. व्हेद्र नदीच्या खोऱ्यातले कारागीर लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून दमास्कस नळ्या घडवत. दुसरा कुणी चापाची कळ बसवी, तिसरा दस्ता तासे, चौथा कोरीवकाम करी. व्यापारी हे सगळं जुळवून घेई आणि गिऱ्हाईक सांगेल ते नाव घाली. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सचा भास व्हावा म्हणून ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ नावाच्या बेल्जियन बंदुका अमेरिकेत खपल्या. ही सरळ फसवणूक होती. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा कंपनीच्या नावाने विकलेल्या इंग्लंडमधल्या बंदुकांत अशी लबाडी नव्हती, पण तिथेही नाव दुकानाचं. नळ्यांखालची सुटी अक्षरं अनेकदा नळी घडवणाऱ्याची असतात. त्यांवरून संपूर्ण बंदुकीचा कर्ता ठरवण्याची घाई फार जण करतात.

रचनेवरूनही अंदाज बांधता येतो, पण एकाच बाजूने. बंदूककार पर्डीने नळ्या अडकवणाऱ्या खालच्या खिट्टीचं पेटंट 1863 मध्ये घेतलं, अ‍ॅन्सन आणि डीली यांनी आत लपलेल्या घोड्यांच्या रचनेचं 1875 मध्ये. यांपैकी काही आढळलं तर बंदूक त्याआधीची नाही, एवढंच सिद्ध होतं. बाहेरच्या घोड्यांची दुनळी मात्र विसाव्या शतकातही बनत राहिली. घोडे पाहून ‘दीडशे वर्षांची’ म्हणणं धाडसाचं.

चाचणीचा एकही शिक्का नसेल तर नजर अमेरिकेकडेच वळवावी, कारण तिथे सक्तीची सरकारी चाचणी नव्हती. कनेक्टिकटमधल्या नॉर्विचच्या क्रेसेंट कारखान्याने हार्डवेअरच्या व्यापाऱ्यांसाठी शंभराहून अधिक नावांनी दुनळ्या बनवल्या. परदेशी मालावर देशाचं नाव हवं, असा अमेरिकी जकात कायद्याचा नियम 1891 पासून लागू झाला. त्यामुळे ‘बेल्जियम’ असा शब्द सापडला तर तोही काळ सांगतो. क्रमांक मात्र प्रत्येक नव्या बंदुकीवर सक्तीचा झाला तो 1968 च्या कायद्याने. त्याआधीच्या स्वस्त दुनळीवर क्रमांक नसेल, तर तो कुणी खरवडून काढला असं म्हणण्यापूर्वी धातूवर घासल्याची खूण खरोखर आहे का, हे भिंगातून पाहावं.