एका तोटीचें पुराण

गेल्या चैत्रांत आमच्या लवळ्याच्या घरची अंगणांतील तोटी गळूं लागली, आणि तिच्या निमित्तानें आम्हांस आमच्याच विषयाचा, म्हणजे इतिहासाचा, जो धडा मिळाला तो तीस वर्षें अध्यापन करूनहि कोणत्या ग्रंथांत सांपडला नव्हता. तोटीसारखा क्षुद्र विषय घेऊन वाचकांसमोर यावें कीं नाहीं, अशी शंका मनांत आली होती. परंतु शिलालेख आणि ताम्रपट यांसाठीं डोळे फोडणाऱ्यांनीं पितळेच्या एका तुकड्याकडे अगदींच तुच्छतेनें पाहूं नये, असें म्हणून लेखणी उचलली आहे.

लवळें हें मुळशी तालुक्यांतील, पुण्याच्या पश्चिमेस डोंगराच्या कुशींत वसलेलें गांव. हल्लीं टेकडीवर विद्यापीठें उभीं राहिलीं आहेत आणि पायथ्याशीं आमच्यासारख्या शहर सोडून आलेल्यांचीं घरें झालीं आहेत. हवा उत्तम, पक्ष्यांचे आवाज विपुल. पाणी मात्र माघ सरला कीं कूपनलिकेंतून कुरकुरत येतें आणि पुढें टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणीं रात्रभरांत एक बादली पाणी थेंबाथेंबानें मातींत जावें, हें सौभाग्यवतीस सहन होण्यासारखें नव्हतें. गांवांतील प्लंबरास आम्ही निरोप धाडला. ‘उद्यां येतों, सर,’ असें त्यानें चार दिवस सांगितलें. पांचव्या दिवशीं रविवार होता. अमेरिकेंतून आलेल्या आमच्या भाच्यानें एक चकचकीत तोटी भेट म्हणून आणली होती. ती हातीं घेऊन, ज्या विषयाचें आम्हांस यत्किंचितहि ज्ञान नव्हतें त्यांत आम्ही हात घातला.

‘अहो, येईल तो उद्यां, राहूं द्या,’ असें घरांतून सांगण्यांत आलें होतें, हें प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे.

गच्चीवर जाऊन टाकीखालचा कॉक आम्ही बंद केला. निदान बंद केला असें वाटलें. जुनी तोटी सहज निघाली. नव्या तोटीवर पांढरी फीत गुंडाळून ती फिरविली, तेव्हां तीन वेढे ती लोण्यांत सुरी शिरावी तशी गेली आणि मग अडली. आम्ही पाना लावला. ती हलेना. पान्यास लोखंडी नळीचा तुकडा जोडून दांडा लांब केला. आर्किमिडीजचें स्मरण करून जोर दिला. भिंतींत ‘कट्’ असा आवाज झाला, आंतला कोपर उभा चिरला, आणि पाण्याची एक धार सरळ आमच्या चष्म्यावर आली. गच्चीवरचा कॉक गंजून अर्ध्यावरच अडकला होता. तो फिरवावयास गेलों तर मूठ हातांत आली. हजार लिटरची टाकी अंगणांत मोकळी होऊं लागली, आणि टँकरची पाळी परवांची होती.

या प्रसंगांतील जी गोष्ट आम्हांस अद्यापहि बोचते ती निराळीच आहे. शेजारीं एका इमारतीचें काम चालू होतें. तेथल्या मजूरणींनीं पाण्याचा आवाज ऐकला आणि त्या हंडे, डबे, रंगाच्या रिकाम्या बादल्या घेऊन आमच्या फाटकाशीं आल्या. त्यांनीं आम्हांस कांहीं विचारलें नाहीं. भिंतींतून येणाऱ्या धारेखालीं एकीमागून एक भांडें लावून, एक थेंब न सांडतां, त्या पाणी नेऊं लागल्या. आम्ही हातांत पाना घेऊन, ओल्या धोतरानिशीं, आमच्याच अंगणांत पाहुण्यासारखे उभे होतों.

दुसऱ्या दिवशीं प्लंबर आला. विशी-बाविशींतला तरुण. त्यानें दोन्ही तोट्या उजेडांत शेजारीं शेजारीं धरल्या आणि म्हणाला, ‘सर, आटे वेगळे आहेत. ही इथली नाहीं.’

येवढ्या एका वाक्यानें आमची जिज्ञासा जागी झाली. दोन्ही तोट्या अर्ध्या इंचाच्या. दोहोंवर इंचास चौदाच आटे. मग वेगळें काय? शोध घेतां असें आढळलें कीं वेगळा आहे तो आट्याचा कोन. १८४१ सालीं जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकारानें, कारखान्या-कारखान्यागणिक भिन्न असणाऱ्या स्क्रूंस एक शिस्त लावण्यासाठीं, पंचावन्न अंशांचा कोन ठरविला. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सनें १८६४ सालीं अमेरिकेसाठीं साठ अंशांचा कोन सुचविला. साठ अंशांचा कोन कारागिरास कापावयास सोपा, हें त्याचें म्हणणें होतें आणि तें खरें होतें. रॉबर्ट ब्रिग्ज यानें अमेरिकन नळांच्या आट्यांचें कोष्टक रचलें, त्यांतहि कोन साठाचाच होता. या पांच अंशांच्या मतभेदानें आमचा कोपर फुटला.

आट्यांचा हा भेद प्राणघातकहि ठरूं शकतो. १९०४ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरास आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया येथून बंब धांवत आले. परंतु त्यांच्या नळ्यांचे जोड बाल्टिमोरच्या नळांवर बसेनात. मदत दारांत उभी होती आणि शहर जळत होतें. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंड व अमेरिका यांस एकमेकांचे स्क्रू चालेनात म्हणून पुष्कळ खोळंबा झाला, आणि अखेर १९४८ सालीं त्या दोन राष्ट्रांनीं कॅनडासह स्क्रूंच्या आट्यांचा करार केला. नळांचे आटे मात्र त्या कराराबाहेर राहिले ते राहिलेच. हिंदुस्थानांत नळ आले ते इंग्रजांबरोबर. म्हणून राज्य गेलें तरी व्हिटवर्थचा पंचावन्न अंशांचा कोन लवळ्याच्या भिंतींत सुखानें नांदत आहे.

‘अर्धा इंच’ ही संज्ञाहि अशीच एक ऐतिहासिक अवशेष आहे. त्या नळाचें बाहेरचें माप एकवीस मिलिमीटरच्या आसपास भरतें, आंतलें अर्ध्या इंचाहून अधिक; म्हणजे त्यांत अर्धा इंच कोठेंच नाहीं. पूर्वीच्या जाड लोखंडाच्या नळाचें आंतलें माप तेवढें होतें. लोखंड सुधारलें, भिंती पातळ झाल्या, पण आटे बाहेर असल्यामुळें बाहेरचें माप बदलतां येईना. नांव जुनें राहिलें. आणखी एक गंमत. इंग्लंडांत दिव्यांच्या वायूचे नळ प्रथम बंदुकीच्या नळ्या जोडून केले, असें सांगतात. कॉर्नेलियस व्हाइटहाउस यानें पत्रा वळवून व सांधून नळ करण्याची युक्ति १८२५ मध्यें काढली, तेव्हां कोठें ती गरज संपली. आमच्या प्लंबरानें ज्यास ‘बॅरल निपल’ म्हटलें त्या जिनसेच्या नांवांत ती बंदूक अजून शिल्लक आहे.

आतां आपल्याकडे पाहूं. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजचें पाणी पुण्यास आणलें गेलें. डोंगराच्या पायथ्याशीं तलाव बांधून तेथून दगडी नळ शहरापर्यंत आणला. माणूस आंत उतरून चालूं शकेल येवढा तो प्रशस्त. वाटेंत ठिकठिकाणीं उच्छ्वास ठेविले, गाळ बसण्याची सोय केली, आणि पाणी केवळ उताराच्या बळावर शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत नेलें. औरंगाबादेस त्यापूर्वींच मलिक अंबरानें नहर बांधून पाणी खेळविलें होतें, आणि तेथील पाणचक्कीस खापरी नळांतून येणारें पाणी आजहि पाहावयास मिळतें. या योजनांचें वर्णन करतांना आम्ही वर्गांत नेहमीं त्यांच्या भव्यतेविषयीं बोलत आलों. तोटी फुटल्यावर प्रथमच आमच्या ध्यानांत आलें कीं कात्रजच्या नळास तोटी नव्हती. पाणी हौदांत येई, भरे, वाहून जाई. तें अडवावयाचें नव्हतें. म्हणून गळण्याचा प्रश्नहि नव्हता. जो प्रश्न होता तो गाळाचा, आणि तो सोडविण्यासाठीं कोणास तरी त्या अंधारांत उतरावें लागे. ज्यांनीं नळ बांधविला त्यांचीं नांवें आम्ही विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतों. जे आंत उतरत त्यांतील एकाचेंहि नांव आम्हांस सांगतां येणार नाहीं.

तोटी आली ती दाबाच्या पाण्याबरोबर. १८५४ सालच्या पाणीटंचाईनें मुंबई हवालदिल झाली, आणि १८६० मध्यें विहार तलावाचें पाणी लोखंडी नळांतून शहरांत आलें. पुण्यास कॅप्टन फाइफ यांच्या योजनेचें खडकवासल्याचें धरण १८७९ च्या सुमारास पुरें झालें. त्या कामाचे कांहीं मक्ते जोतीराव फुले यांजकडे होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनीं नोंदविली आहे. दाब आला तेव्हां जुन्या बोळ्याच्या तोट्या निभेनात. झटकन बंद केल्या कीं नळांत घण बसल्यासारखा आघात होई. इंग्लंडांतील रॉदरहॅम येथील गेस्ट आणि क्राइम्स या कारखान्यानें १८४५ मध्यें स्क्रूनें हळूहळू बसणारी तोटी काढली होती, तिनें हा दोष गेला. परंतु तिच्या तळाशीं एक चकती लागते, आणि ती चकती असे चामड्याची.

हाच तो आपल्या आजी-पणजींना छळणारा वायसर! आमच्या आजीच्या सासूबाई जन्मभर नळाचें पाणी प्याल्या नाहींत. विहिरीचें पाणी त्या सोंवळ्यानें आणीत. नळाच्या पाण्यानें भांडीं घासावीं, फार तर. त्यांच्या निष्ठेविषयीं आम्हांस आदर आहे. तथापि ज्या शेतांतला तांदूळ त्यांच्या पानांत पडे, त्या शेतास पाणी चामड्याच्या मोटेनें दिलेलें असे, याचा विचार घरांत कोणी केल्याचें ऐकिवांत नाहीं. मोट दूर होती, वायसर मोरींत होता, येवढाच काय तो फरक. चामडें कमावणाराचा हात तर दोहोंकडे होता. आणि त्याच हातास त्या विहिरीवर मज्जाव होता. १८६८ सालीं जोतीरावांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला. पुढें एकोणसाठ वर्षांनीं, २० मार्च १९२७ रोजीं, महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घ्यावयास डॉ. आंबेडकरांस हजारों माणसें बरोबर घेऊन जावें लागलें. रबराचा वायसर निघाला आणि सोंवळ्याचा तो वाद आपोआप मिटला. चामड्याचा मिटला, माणसांचा नव्हे.

नळावरची आपली भिस्त किती आंधळी असते तें पुणेकरांस १२ जुलै १९६१ रोजीं कळलें. पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंहि गेलें. आमच्या मातोश्री तेव्हां शाळकरी होत्या. त्या सांगतात कीं पूर ओसरल्यावर तोटी फिरवावी तों नुसती हवा सुस्कारे टाकी, आणि वाड्यांतील बुजत आलेल्या विहिरी लोक उपसूं लागले. ज्या विहिरींस कोणी विचारीत नव्हतें त्यांच्या कठड्यांवर रांगा लागल्या.

नळाबरोबर लबाडीहि आली, पण ती अगदीं जुनी आहे. इ. स. ९७ मध्यें फ्रंटायनस हा रोमच्या पाणीखात्याचा प्रमुख झाला, आणि त्यानें सर्व नळ स्वतः मोजून पाहिले. त्यास आढळलें कीं पाणक्यांनीं ज्यांतून पाणी घ्यावयाचें ते नळ मापाहून मोठे केले होते आणि ज्यांतून द्यावयाचें ते लहान. शिवाय वाटेवर चोरून पाडलेलीं भोंकें निराळींच. रोमचे ते नळ शिशाचे असत. शिशास लॅटिनमध्यें प्लंबम् म्हणतात, त्यावरून प्लंबर. आमच्याकडे परवां आलेल्या टँकरची नळी पाहून आम्हांस फ्रंटायनसाची आठवण झाली. पण मोजण्याचा धीर झाला नाहीं. सध्यां आमचें मोजमापावरील प्रेम थोडें कमी झालें आहे.

प्लंबरानें भिंत फोडून कोपर बदलला, जुन्या पितळी तोटीस नवा वायसर घातला, आट्यांवर ताग गुंडाळून पांढरा सफेदा लावला. त्याचा हात पान्यावर जोर देत नव्हता. जेथें अडे तेथें तो थांबे, अर्धा वेढा मागें घेई, आणि पुन्हां पुढें नेई. आम्ही चहा दिला, आणि गांव कोणतें म्हणून विचारलें. तो म्हणाला, ‘आतां इथंच, सर. मूळ गांव धरणांत गेलं. पणजोबांच्या वेळीं.’

मुळशीचें धरण. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या विजेच्या धरणासाठीं शेतें जाऊं नयेत म्हणून मावळ्यांनीं मांडलेला सत्याग्रह, विनायकराव भुस्कुटे, सेनापति बापट, आणि १९२४ मध्यें मोडून पडलेला तो लढा. हें सर्व आम्ही दरवर्षीं शिकवितों. पांच गुणांचा प्रश्न असतो. ज्या मुळेच्या खोऱ्यांत आम्ही राहतों तिचें तेथें अडविलेलें पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्यास उतरतें आणि वीज करून कोंकणांत जातें, हेंहि फळ्यावर नकाशा काढून समजावतों. त्या तरुणास आम्ही यांतलें कांहीं सांगूं लागलों, तर तो ऐकत राहिला; मग म्हणाला, ‘आमची आजी सांगायची. उन्हाळ्यांत पाणी खालीं गेलं कीं देवळाचं जोतं दिसायचं, ती बघायला जायची.’

हें आमच्या टिपणांत नव्हतें.

मजुरीचा आंकडा त्यानें सांगितला तो इतका थोडा होता कीं आम्हीच संकोचलों. जातांना गच्चीवरचा कॉकहि बदलावा लागेल, असें त्यानें बजावलें. कधीं येशील म्हणून विचारतां म्हणाला, ‘उद्यां येतों, सर.’ त्यास आज नऊ दिवस झाले. अमेरिकन तोटी आमच्या टेबलावर कागद दाबण्यास ठेविली आहे; भाच्यास अद्याप कळविलेलें नाहीं.